"टेन्शन घेऊ नका" म्हणजे नेमकं करायचं काय? सोरायसिस आणि मनावरचा ताण

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३१. सहा वर्षांपासून सोरायसिस, म्हणजे त्वचेवर लालसर, खपल्या धरणारे चट्टे उठवणारा जुनाट आजार. कोपरं, गुडघे आणि डोक्यावर चट्टे होते, गेल्या वर्षापासून हातांच्या पाठीवरही आले. कामाचा ताण वाढला की त्वचा भडकते, असं तुमचं निरीक्षण आहे. डॉक्टर दर खेपेला मलम लिहून देतात आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणतात. घरचे म्हणतात, जिवाला धोका नाही ना, मग एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आणि आता डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगितल्यावर तुम्हाला दोन प्रश्न पडलेत. हे दुखणं मीच ओढवून घेतलंय का? आणि माझ्या डोक्यातच काही बिघाड आहे असं डॉक्टरांना वाटतंय का?

दोन्हींचं उत्तर "नाही" असं आहे. पण नुसतं "नाही" म्हणून तुमचं समाधान होणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या सल्ल्याबद्दल. "टेन्शन घेऊ नका" असं मी पेशंटला सांगत नाही. ते ऐकून कुणाचं टेन्शन कमी झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. उलट पुढच्या वेळी चट्टा वाढला की "आपणच टेन्शन घेतलं" हा नवा ठपका माणूस स्वतःवर ठेवतो, म्हणजे आजार आहेच, वर त्याचा दोषही पदरात. ताण हा हवेत नसतो. तो दिवसातल्या ठरावीक जागी बसलेला असतो: रात्रीच्या खाजेत, आरशासमोर, बाहेर पडण्याआधी कोणते कपडे घालायचे या विचारात. या जागा शोधून तिथे काम करता येतं. सबंध ताणावर एकदम काम करता येत नाही.

आता ताण त्वचेपर्यंत पोहोचतो कसा ते पाहू. गर्भात त्वचेचा बाहेरचा थर आणि मज्जासंस्था एकाच मूळ थरातून तयार होतात आणि पुढे आयुष्यभर दोघांचं बोलणं चालूच राहतं. त्वचेत मज्जातंतूंची बारीक टोकं पसरलेली असतात. ताण आला की या टोकांमधून 'सबस्टन्स पी'सारखी रसायनं बाहेर पडतात. शेजारच्या मास्ट पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा एक प्रकार) त्यांनी चेतवल्या जातात आणि हिस्टामिनसारखे पदार्थ सोडतात. लाली, सूज, खाज हा सगळा त्याचा परिणाम. दुसरा मार्ग मेंदू, त्याच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी असा जातो, ज्याच्या शेवटी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येतं. थोड्या वेळापुरतं कॉर्टिसॉल दाह कमीच करतं. पण ताण महिनोन्‌महिने चालला की ही व्यवस्था लय सोडते आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी तिचं ऐकेनाशा होतात.

हे फक्त कागदावरचं शास्त्र नाही. १९९५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा पण फार बोलका अभ्यास आला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या त्याच वयाच्या स्त्रिया, असे दोन गट. दोन्ही गटांतल्या स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली. दुसऱ्या गटात ती भरायला सरासरी ३९ दिवस लागले, देखभाल करणाऱ्यांना जवळपास ४९. जखम तीच, फक्त आयुष्य वेगळं. सोरायसिसबद्दलही असाच पुरावा आहे. सोरालेनची (त्वचा किरणांना संवेदनशील करणाऱ्या औषधाची) गोळी आणि अतिनील किरण अशी 'पुवा' उपचारपद्धती घेणाऱ्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा चिंता करण्याचा स्वभाव तीव्र होता, त्यांचे चट्टे इतरांपेक्षा बऱ्याच संथ गतीने साफ झाले. औषध एकच, किरणही तेच.

म्हणजे तुमचं निरीक्षण खरं आहे. पण त्यावरून "ताणामुळे मला सोरायसिस झाला" असं म्हणता येत नाही. मूळ कारण अनुवंश आणि प्रतिकारशक्तीचं बिघडलेलं गणित हे आहे. ताण फार तर काडी टाकतो, इंधन आधीच साठलेलं असतं. आणि काड्या टाकणारे इतरही असतात, हे मी मुद्दाम सांगते, कारण एकदा "टेन्शनमुळे होतं" असं ठरलं की बाकीचं शोधायचं राहूनच जातं. घशाचा जिवाणूसंसर्ग, दारू, धूम्रपान. खरचटलेल्या किंवा सतत घासल्या जाणाऱ्या जागी नवा चट्टा उठणं, जे जर्मन डॉक्टर हाइनरिश कोब्नर यांनी १८७० च्या दशकातच नोंदवलं होतं. स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक थांबवणं. आणि काही औषधं, त्यातही लिथियम आणि बीटा ब्लॉकर गटातली. या शेवटच्यांकडे पुन्हा येईन, कारण गंमत म्हणजे ती नेमकी मनाच्या आणि धडधडीच्या तक्रारींसाठी दिली जातात.

अजून एक सावधगिरी. त्वचा भडकली की आपण मागे वळून कारण शोधतो, आणि कोणत्याही आठवड्यात शोधलं तर ताण सापडतोच. त्यामुळे ताण आणि भडका यांचा संबंध तपासायचा असेल तर भडका येण्याआधीच रोजची नोंद ठेवावी लागते. झोप किती झाली, खाज दहापैकी किती, दिवस कसा गेला, एवढंच, दोन ओळींत. दोन-तीन महिन्यांत चित्र दिसायला लागतं. काहींच्या बाबतीत ताणाचा संबंध ठळक दिसतो, काहींच्या बाबतीत मुळीच नाही. (केसगळतीत तर हा अंदाज हमखास चुकतो. मोठा आजार किंवा धक्का बसल्यानंतर केस गळायला साधारण दोन-तीन महिन्यांनी सुरुवात होते, आणि तोवर खरं कारण विसरून माणूस नव्या शाम्पूला शिव्या देत बसतो.)

आता उलट बाजू, जी माझ्या मते जास्त महत्त्वाची आणि जास्त दुर्लक्षित आहे. त्वचा मनाचं काय करते?

युरोपातल्या १३ देशांमध्ये त्वचाविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्याची लक्षणं रुग्णांमध्ये सुमारे १० टक्के, तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास. चिंताविकार १७ टक्के विरुद्ध ११. आत्महत्येचे विचार जवळपास १३ टक्के विरुद्ध ८. लक्षात घ्या, हे मनोरुग्णालयातले आकडे नाहीत. मलमाची चिठ्ठी घ्यायला रांगेत बसलेल्या माणसांचे आहेत. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी मनाची चौकशी केली, तर त्यांना तुमच्याबद्दल संशय आला असं समजू नका. ज्या प्रश्नाची गरज होती तो त्यांनी विचारला, इतकंच. बहुतेक जण तेवढंही विचारत नाहीत.

"एवढं काय त्यात" म्हणणाऱ्या घरच्यांसाठी एक माहिती. किती टक्के त्वचेवर चट्टे आहेत आणि माणूस किती खचलाय, यांचा मेळ बसेलच असं नाही. बोटांसकट एक तळहात म्हणजे शरीराच्या साधारण एक टक्का त्वचा. त्या हिशेबाने तुमचे चट्टे चार-पाच टक्क्यांपलीकडे जाणार नाहीत, आणि कागदावर तो "सौम्य ते मध्यम" सोरायसिस होतो. पण तो हातावर आहे. पैसे देताना, सही करताना, कुणाशी हात मिळवताना पहिल्यांदा दिसतं ते हेच. डोकं, चेहरा, हात, नखं आणि जननेंद्रियाचा भाग या जागांवरचा थोडासा आजारही जगणं फार अवघड करतो, हे आता उपचारांच्या निकषांमध्येही मान्य झालंय. (जननेंद्रियाच्या भागातल्या चट्ट्यांबद्दल पेशंट आपणहून सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत. असतील तर सांगा. त्यांचे उपचार वेगळे आणि सौम्य असतात.)

१९९४ साली कार्डिफच्या त्वचाविकारतज्ज्ञांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली ('डीएलक्यूआय') तयार केली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती खाज आली, किती लाज वाटली, कपडे निवडताना, कामात, खेळात, जवळच्या नात्यांत किती अडचण आली, असे साधे प्रश्न. गुण शून्य ते तीस. पुढे २००५ मध्ये यातूनच "दहाचा नियम" आला. दहा टक्क्यांहून जास्त त्वचेवर आजार, किंवा तीव्रतेचा ठरावीक निर्देशांक दहाच्या वर, किंवा या प्रश्नावलीत दहाहून जास्त गुण, यांपैकी एक जरी असेल तरी सोरायसिस तीव्र समजायचा. हा तिसरा "किंवा" फार मोलाचा आहे. चट्टे थोडे असूनही जगणं अडत असेल तर ते उपचार वाढवण्याचं वैध वैद्यकीय कारण आहे. नाजूकपणाचं लक्षण नाही.

जगणं अडतं म्हणजे काय होतं, याचं माझ्या डोक्यात बसलेलं एक उदाहरण देते. माझ्याकडे येणारे एक शिक्षक फळ्याच्या फक्त खालच्या अर्ध्या भागावर लिहायचे. वर लिहायला हात उचलला की शर्टाची बाही घसरून कोपर उघडं पडायचं. मुलांना वाटायचं सरांचा खांदा दुखतो. खुर्चीवरून उठताना ते आधी हाताने बैठक झटकायचे, पडलेल्या खपल्या कुणाला दिसू नयेत म्हणून. काळा शर्ट त्यांनी घेणं सोडलं होतं. केस कापायला दुकान रिकामं असेल अशा वेळी जायचे. यातली एकही गोष्ट त्यांनी "तक्रार" म्हणून सांगितली नाही. "तसा मला काही त्रास नाही" हेच त्यांचं पहिलं वाक्य होतं. दिवसातला किती वेळ लपवण्यात जातो ते सुरुवातीपासून विचारत गेल्यावर हे एकेक बाहेर आलं.

लपवण्याची अडचण अशी की त्यातून तात्पुरतं बरं वाटतं. आज बाही ओढली, कुणी काही म्हणालं नाही, सुटलो. मेंदू त्यातून शिकतो की बाहीमुळे वाचलो. म्हणजे उद्या बाही आणखी घट्ट ओढायची. लोकांनी पाहिलं असतं तर खरंच काय झालं असतं, हे कधीच कळत नाही आणि भीती तशीच पोसली जाते.

या बाबतीत १९८० सालचा एक प्रयोग मी पेशंटना नेहमी सांगते. अमेरिकेतल्या क्लेक आणि स्ट्रेंटा या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांच्या चेहऱ्यावर मेकअपने एक ठसठशीत व्रण रंगवला आणि त्यांना तो आरशात दाखवला. मग "शेवटचा हात फिरवतो" असं सांगून त्यांच्या नकळत तो पुसून टाकला. ही माणसं व्रण नसलेल्या चेहऱ्याने अनोळखी व्यक्तीशी बोलायला गेली. परत येऊन त्यांनी सांगितलं की समोरचा अवघडला होता, व्रणाकडे बघत होता, नजर टाळत होता. या प्रयोगाचा अर्थ "सगळे तुमच्या मनाचे खेळ" असा काढू नका. लोक बघतात, काही जण वाईट वागतात, आणि सोरायसिस असलेल्यांना हात मिळवायला कचरणारी माणसं मीही पाहिली आहेत. अर्थ इतकाच, की नजरेची धास्ती एकदा बसली की प्रत्येक साधी नजरही तीच वाटू लागते. खऱ्या तिरस्काराच्या नजरा किती आणि आपण जोडलेल्या किती, हे घरात बसून ठरत नाही.

म्हणून लपवणं थोडं थोडं सोडायचं. एकदम नाही. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांत अर्ध्या बाह्यांचे कपडे घातलेले नाहीत. मग पहिली पायरी अशी घ्या की जिथे ओळखीचं कुणी नाही आणि जिथून केव्हाही निघता येतं, अशा ठिकाणी अर्धा तास अर्ध्या बाहीत जायचं. पहिली दहा मिनिटं नको होतील. त्या दहा मिनिटांतच परत फिरलात तर भीतीला दुजोरा मिळेल, म्हणून धडधड उतरेपर्यंत थांबायचं. तीच पायरी चार-पाच वेळा झाली आणि कंटाळा यायला लागला की पुढची. ओळखीच्या लोकांत, मग कामाच्या ठिकाणी. हात मागे लपवणं, कोपर पर्सने झाकणं या चोरवाटा बंद ठेवायच्या, नाहीतर मेहनत वाया जाते.

लोकांनी विचारलं तर? उत्तर आधी तयार असलं की निम्मी भीती जाते. दिसण्यात वेगळेपण असलेल्यांसाठी ब्रिटनमध्ये 'चेंजिंग फेसेस' ही संस्था १९९२ साली जेम्स पार्ट्रिज यांनी सुरू केली. आगीच्या अपघातात त्यांचा स्वतःचा चेहरा भाजला होता. या संस्थेने रुजवलेली पद्धत तीन टप्प्यांची आहे: सांगा, निर्धास्त करा, विषय बदला. "सोरायसिस आहे. कुणाला लागत नाही. बरं, ते उद्याचं काम कुठवर आलं?" संपलं. आजाराची कुळकथा सांगायला तुम्ही बांधील नाही. हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा, पंधरा-वीस वेळा, अगदी कंटाळवाणं वाटेपर्यंत. आणि कुणी न मागता उपाय सांगायला लागलं तर "उपचार चालू आहेत, धन्यवाद" पुरेसं आहे.

आरशाचंही असंच. दिवसातून दहादा चट्टा निरखला तर तो दहादा वेगळा दिसतो. प्रगती पाहायचीच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. मधल्या काळात मलम लावण्यापुरतंच त्वचेकडे बघा.

आता खाज. सोरायसिसला खाज नसते असा एक जुना समज अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे, बहुतेकांना ती असते. आणि मनाचा जेवढा चुराडा रात्रीची खाज करते तेवढा चट्ट्यांचं दिसणंही करत नाही, असं माझं मत आहे. रात्री शरीरातलं कॉर्टिसॉल उतरलेलं असतं, त्वचेचं तापमान थोडं वाढतं, तिच्यातून पाणी जास्त उडून जातं, आणि मन गुंतवायला दुसरं काही नसतं. तीनदा झोपमोड झालेला माणूस दुसऱ्या दिवशी चिडचिडा होतो, कामात चुकतो, त्याचा ताण घेतो, आणि रात्री पुन्हा खाजवतो. तुम्ही "ऑफिसच्या ताणाने त्वचा भडकते" म्हणता, तेव्हा मला आधी विचारावंसं वाटतं की त्या आठवड्यात झोप किती झाली होती.

खाजवणं अर्धं खाजेमुळे असतं आणि अर्धं सवयीने. फोनवर बोलताना, स्क्रीनसमोर, चप्पल काढताना हात आपोआप त्या जागी जातो. नुसतं पाहूनही हात जातो. जर्मनीत संशोधकांनी खाजेवर जाहीर व्याख्यान ठेवून श्रोत्यांचं गुपचूप चित्रण केलं, तर पिसवा, खाजवल्याचे ओरखडे अशी खाज आठवून देणारी चित्रं दाखवताना लोक जास्त खाजवत होते. (हे वाचताना तुमचाही हात कुठेतरी गेला असेल.) या सवयीच्या अर्ध्यावर मलम चालत नाही. तिथे सवय बदलण्याचं तंत्र लागतं. अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी ते १९७३ साली मांडलं आणि पुढे स्वीडनमधल्या डॉक्टरांनी ते एक्झिमाच्या खाजवण्यासाठी वापरलं.

पहिला आठवडा काहीच थांबवायचं नाही, फक्त मोजायचं. हातात बसणारं मोजणीयंत्र मिळतं, किंवा फोनवर खूण करा. दिवसाचा आकडा पाहून बहुतेकांना धक्का बसतो, कारण त्यातलं बरंचसं नकळत झालेलं असतं. कोणत्या वेळी, काय करताना हात जातो ते त्यातून कळतं. दुसऱ्या आठवड्यापासून हात निघाला की मूठ आवळून तीस सेकंद धरायची. तरीही खाज राहिलीच तर नखाने ओरबाडण्याऐवजी त्या जागी बोटाने दाब द्यायचा, किंवा थंड पट्टी ठेवायची. सोबत मलम आणि ओलावा टिकवणारं क्रीम चालूच. घरच्यांना एवढंच सांगा की "खाजवू नकोस" म्हणणं बंद करा. त्या सूचनेने खाज आठवते, बाकी काही होत नाही. झोप आणणाऱ्या अॅलर्जीच्या गोळ्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. त्या हिस्टामिन अडवतात, आणि सोरायसिसच्या खाजेत हिस्टामिनचा थोडा वाटा असला तरी ती फारशी त्याच्यावर चालत नाही, त्यामुळे मिळालाच तर गुंगीचा फायदा, आणि सकाळी डोकं जड.

एवढं लिहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ताणावरचा सगळ्यात जोरकस उपाय म्हणजे त्वचेचा पुरेसा उपचार. सहा वर्षं मलमांवरच अडकलेल्या माणसाला प्राणायाम शिकवणं मला पटत नाही. प्रकाशोपचार आहेत, मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या आहेत, जैविक औषधांची (प्रतिकारशक्तीतले ठरावीक दुवे अडवणारी) इंजेक्शनं आहेत. तुम्हाला यातलं काय चालेल ते तुमच्या तपासण्या, यकृताची स्थिती, गर्भधारणेचा विचार यांवर अवलंबून आहे (मेथोट्रेक्सेट गर्भारपणात चालत नाही), म्हणून नाव मी सुचवत नाही. पण हा विषय तुम्ही काढायला हवा. जैविक औषधांवर असलेल्या रुग्णांचा थकवा आणि उदासी कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. ते फक्त चट्टे गेल्याच्या आनंदाने होतं की शरीरातला दाह उतरल्यामुळेही, यावर संशोधक अजून वाद घालतायत.

उपचारांचाही ताण असतो, हे आम्ही डॉक्टर सोयीने विसरतो. सकाळ-संध्याकाळ चिकट मलम, डोक्याला तेलकट लेप, चादरीवर डाग, आंघोळीला पाऊण तास. पेशंट दोन आठवडे हे नेटाने करतो, मग सोडतो, मग अपराधी वाटतं, मग डॉक्टरांशी खोटं बोलतो. खोटं बोलू नका. "रोज दोनदा जमत नाही, एकदाच जमेल" असं सांगा. डोक्यासाठी लेपाऐवजी पातळ द्रव किंवा फेस मिळतो, दिवसातून एकदाच लावायची औषधं मिळतात. कागदावरच्या आदर्श उपचारापेक्षा खरोखर होणारा उपचार बरा.

त्वचा सुधारली की मनही आपोआप सुधारतं का? बऱ्याच जणांचं हो. पण सगळ्यांचं नाही. चट्टे गेल्यावरही काही जण वर्षभर पूर्ण बाह्याच घालतात, कारण चट्टा गेला तरी सवय आणि धास्ती राहते. काहींना "परत येईल" हीच भीती छळते. इथे मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची गरज लागते. ते काय करतील? बहुधा वर सांगितलेल्याच गोष्टी, पण तुमच्या मापाने: कोणता विचार कोणत्या कृतीकडे नेतो ते शोधणं, टाळाटाळ पायरीपायरीने कमी करणं, झोपेचं वेळापत्रक, खाजवण्याची सवय. ध्यानाबद्दलही चांगला पुरावा आहे. १९९८ मध्ये जॉन कबात-झिन यांच्या गटाने प्रकाशोपचार घेणाऱ्या सोरायसिसच्या ३७ रुग्णांपैकी काहींना उपचाराच्या वेळीच सजगतेच्या ध्यानाच्या सूचना ऐकवल्या. त्यांची त्वचा इतरांहून लवकर साफ झाली. अभ्यास लहान होता, आणि प्रकाशोपचार सगळ्यांनाच चालू होते, हे विसरायचं नाही. ध्यान औषधाच्या जोडीला आहे, बदली नाही.

मनाची औषधं लागली तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. धडधड आणि घबराटीसाठी प्रोप्रॅनोलॉल सर्रास दिलं जातं. ते बीटा ब्लॉकर आहे आणि सोरायसिस भडकवू शकतं. लिथियमही तसंच. याचा अर्थ चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची असा नाही, पर्याय विचारायचा असा आहे. नैराश्याच्या इतर बहुतेक औषधांची सोरायसिसमध्ये अडचण येत नाही, काहींचा तर रात्रीच्या खाजेला उपयोगच होतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या वाचकांनी मनःस्थितीतला बदल डॉक्टरांना जरूर कळवावा. त्या औषधाचा आणि नैराश्याचा संबंध वादग्रस्त आहे, तरी लक्ष ठेवायचंच.

सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, दारूचा आधार वाढत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि जगणं नको असा विचार आला तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. "त्वचेसाठी कुणी असं करतं का" असा विचार करून गप्प बसू नका. वरचे आकडे पुन्हा वाचा.

कोड असलेल्या एका वाचकानेही याच सुमारास विचारलंय, त्यांना दोन ओळी. खाज नाही, दुखत नाही, म्हणून कोडाला "फक्त दिसण्याचा प्रश्न" म्हणून उडवलं जातं. पण टाळाटाळीचं चक्र तेच आहे आणि वरचं सगळं तुम्हालाही लागू आहे. उपचारही पूर्वीइतके हात टेकणारे राहिलेले नाहीत. प्रकाशोपचारांच्या जोडीला रुक्सोलिटिनिब हे लावायचं औषध अमेरिकेत २०२२ मध्ये कोडासाठी मंजूर झालं.

घरच्यांबद्दल. "काही नाही गं, दिसतही नाही" हे ते प्रेमानेच म्हणतात, पण ऐकणाऱ्याला तो दरवाजा बंद झाल्यासारखा वाटतो, पुढे बोलायला जागाच उरत नाही. त्यांना उपदेश करायला सांगू नका, काम द्या. पाठीवर, डोक्याच्या मागे मलम लावायला हात पुरत नाही, ते त्यांनी लावावं. याने मलम नीट लागतं हा एक फायदा. दुसरा असा की चट्ट्याला कुणीतरी न कचरता हात लावतं, आणि याची ज्यांना सवय उरलेली नसते त्यांना त्याचं मोल मी सांगायला नको. जोडीदाराला एकदा तपासणीला सोबत घेऊन या आणि "हे लागतं का" हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.

पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: गेल्या आठवड्यात खाजेने किती रात्री झोप मोडली, त्वचेमुळे कोणत्या तीन गोष्टी करणं सोडलं, आणि मलम प्रत्यक्षात आठवड्यातून किती दिवस लावलं. दहा प्रश्नांची ती 'डीएलक्यूआय' प्रश्नावली भरून घ्यायला सांगा. गुण दहाच्या वर आले तर विचारा, "मग मलमाच्या पुढचा उपचार माझ्यासाठी कोणता?" मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली असेल तर ती रद्द करू नका, आणि त्या भेटी चालू असताना मलमही थांबवू नका.